खंबाटकी चढताना गाडीला धाप का लागते?

त्या वेळी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागे आणि परतताना बोगद्यातून यावे लागे, हे त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांना सांगायला नको. माझ्या गाडीतला बिघाड ओळखण्याची पहिली खूण याच साध्या गोष्टीत होती, पण ती माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. गाडी जाताना अडत असे, येताना कधीच अडत नसे. पुण्यात आठवडाभर कार्यालयात ये-जा करतानाही तिची काही तक्रार नसे.

घाटात घडत असे ते असे. शिरवळ, खंडाळा मागे पडून चढ सुरू झाला की पुढच्या मालट्रकला ओलांडण्यासाठी मी तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबत असे. दोन-तीन सेकंद गाडी नेहमीसारखी उसळी घेई, मग कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळे, दोन हिसके देई, चेक इंजिनचा दिवा लागे आणि त्यानंतर ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती म्हातारीच्या चालीने उरलेला घाट चढे. सुरूर फाट्यावर चहासाठी थांबून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केले की सगळे पूर्ववत होई. फक्त दिवा तेवढा लागलेला राही.

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली) पेट्रोल आहे आणि त्या वेळी ती ८८ हजार किलोमीटर चालली होती. आपल्याकडे चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपेक्षा लहान पेट्रोल इंजिनाच्या गाडीला कर कमी असल्याने अशी छोटी टर्बो इंजिने गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली दिसू लागली आहेत. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या घडणीच्या कोणत्याही गाडीत होऊ शकते.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड निघाले. पी-०२९९, म्हणजे टर्बोने अपेक्षेपेक्षा कमी दाब दिला. आणि पी-००८७, म्हणजे इंधनाच्या रेलमधला, सगळ्या सिलिंडरांना इंधन वाटणाऱ्या सामाईक नळीतला, दाब कमी पडला. त्यांनी पहिला कोड धरला आणि दुसरा सोडून दिला. इंधनाच्या बाजूची तपासणी त्यांनी केलीच नाही असे म्हणता येणार नाही. टाकीतल्या पंपाच्या लाइनवर गेज लावून इंजिन सुरू केले, काटा पाच बारवर (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) स्थिर राहिला आणि पंप निर्दोष सुटला. मग टर्बो बदलण्याचे लाखाच्या घरातले अंदाजपत्रक माझ्या हातात आले. ते घेऊन मी घरी आलो आणि त्या रात्री कागदावर एक हिशेब मांडला. मला वाटते, या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेले सर्वात उपयोगी काम तेच होते.

हिशेब असा. ११५ अश्वशक्ती म्हणजे साधारण ८५ किलोवॉट. पूर्ण जोर लावलेले टर्बो पेट्रोल इंजिन दर किलोवॉट-तासाला ढोबळमानाने ३०० ग्रॅम इंधन खाते, म्हणजे तासाला साडेपंचवीस किलो. आणि पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट धरली तर तासाला जवळजवळ ३४ लिटर. हेच इंजिन सिग्नलला उभे असताना तासाला पाऊण लिटरसुद्धा पीत नाही. उभ्या गाडीची गरज आणि घाटातली गरज यांत चाळीस-पन्नास पटींचा फरक असेल, तर उभ्या गाडीवर पाच बार दिसल्याने पंपाची ताकद कशी कळणार? घरच्या नळाला धार बारीक सोडली की टाकीत पाणी कमी आहे की पाइपात कचरा आहे हे कळत नाही. चारही नळ एकदम सोडले की लगेच कळते. गेज दाब दाखवतो. पंपाचे काम दाब टिकवून ठेवून पुरेसे इंधन देत राहणे हे असते, आणि ते उभ्या गाडीत तपासलेच जात नाही.

टर्बोच्या गाडीत ही उणीव जास्त बोचते, त्याचेही कारण आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात फार तर वातावरणाच्या दाबाइतकी हवा शिरते. टर्बो तीच हवा जवळजवळ दुपटीने कोंबतो, आणि हवा दुप्पट झाली की इंधनही दुप्पट लागते. शिवाय ही मागणी हळूहळू वाढत नाही. टर्बो एकदा फिरू लागला की एक-दीड सेकंदात ती उंबरठा ओलांडते. त्या क्षणी इंधन कमी पडले तर मिश्रण पातळ होते, ज्वलन वेळेआधी आणि अनियंत्रित होऊ लागते, आणि पिस्टनच्या माथ्यावर त्याचे परिणाम दिसायला फार वेळ लागत नाही. म्हणून गाडीचा संगणक अशा वेळी स्वतःहून टर्बोचा दाब उतरवतो. मला घाटात जो अनुभव येत होता, तो म्हणजे इंजिनाने स्वतःचा जीव वाचवणे होते.

आता प्रश्न एवढाच होता की टर्बो दमल्यामुळे दाब कमी पडला, की इंधन कमी पडल्यामुळे संगणकाने टर्बोला आवरले? दोन्ही कोड एकाच वेळी नोंदले गेले तर कोणता आधी आला हे नुसत्या यादीवरून समजत नाही. त्यासाठी चालत्या गाडीतली नोंद लागते. ब्लूटूथचा एक साधा अडॅप्टर डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावून, मोबाइलवर नोंद सुरू ठेवून मी पुढच्या शनिवारी पुन्हा खंबाटकी चढलो. शेजारी मेहुणा बसला होता आणि मोबाइल त्याच्याकडे होता. गाडी चालवताना स्वतः पडद्याकडे पाहण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

नोंदीत मी चारच गोष्टी घेतल्या होत्या: संगणकाला हवा असलेला टर्बोचा दाब आणि मिळालेला दाब, तसेच रेलमधला हवा असलेला दाब आणि मिळालेला दाब. जास्त गोष्टी घेतल्या की स्वस्त अडॅप्टर दर सेकंदाला एखादीच नोंद देतो आणि नेमका हवा तो क्षण निसटतो. घरी येऊन आकडे पाहिले तेव्हा क्रम स्वच्छ दिसला. आधी रेलचा दाब घसरला: मागणी १८० बारची, मिळाले १४०, मग ११५, मग ९५. टर्बो तोपर्यंत सांगितले तेवढा दाब इमानदारीने देत होता. रेल ९५ वर आल्यावर संगणकाने टर्बोकडची मागणीच खाली आणली, आणि टर्बो मुकाट्याने खाली आला. टर्बो खरोखर थकला असता, किंवा इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा, एखादा होज फाटला असता, तर मागणी वर राहिली असती आणि मिळालेला दाब तिच्याखाली रेंगाळला असता. इथे तसे काहीच नव्हते. लाखाचे अंदाजपत्रक मी त्या दिवशी फाडले नाही, कारण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचे हिशेब करायचे होते.

पण रेलचा दाब घसरला म्हणजे कोणता पंप दोषी, हे अजून ठरायचे होते, कारण अशा गाडीत पंप दोन असतात. टाकीच्या आत विजेवर चालणारा एक पंप असतो. तो पेट्रोल चार-सहा बारच्या दाबाने इंजिनापर्यंत आणून देतो. इंजिनावर दुसरा पंप असतो; तो कॅमशाफ्टच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्याने दाबला जाणारा एक लहानसा प्लंजर, म्हणजे दट्ट्या असतो आणि पाच बारचे पेट्रोल तो दोनशे बारच्या आसपास नेतो. माझ्या गाडीत दाबाचा सेन्सर फक्त रेलवर, म्हणजे दुसऱ्या पंपाच्या पुढे आहे. पी-००८७ हा कोड त्यामुळे एवढेच सांगतो की शेवटच्या माणसाच्या हाती कमी आले. मधल्या कोणी गाळले हे सांगत नाही. प्लंजरला पुरेसे पेट्रोल पोहोचलेच नाही तर तो वाफ आणि बुडबुडे दाबत बसतो, आणि स्कॅनरवर दोष त्याच्याच नावावर लागतो. इंजिनावरचा पंप महाग असतो, आणि माझ्या माहितीत दोघांनी तो बदलल्यावर त्यांना कळले की उपाशी तो होता, आजारी टाकीतला होता.

रेल आणि वरच्या, म्हणजे इंजिनावरच्या पंपाच्या पाइपांना घरी कोणी हात लावू नये, हे इथेच ठासून सांगतो. इंजिन बंद केल्यावरही तिथे काही काळ दाब राहतो, आणि शंभर बारच्या वरची बारीक धार कातडीतून आत शिरते. तिची जखम टोचल्यासारखी दिसते आणि तिच्यासाठी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते. खालच्या दाबाच्या लाइनवर गेज लावण्याचे कामही मी स्वतः केले नाही. धनकवडीतले एक मिस्त्री आहेत. कार्ब्युरेटरच्या काळापासून गाड्यांच्या इंधनाच्या कामावर त्यांचा हात बसलेला. त्यांना नोंदी दाखवल्या तेव्हा त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि म्हणाले, "साहेब, उभ्या गाडीला पाच बार काय, माझी सायकलसुद्धा देईल. घाटात काटा बघितला का कोणी?"

त्यांनी लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून गेज लावले, त्याचा लांब होज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढला आणि गेज वायपरच्या पात्याखाली काचेवर बाहेरून पक्के बांधले. गेज आत केबिनमध्ये घेण्याचा आग्रह मी धरला असता, पण त्यांनी तो धरूच दिला नाही. पेट्रोल भरलेली नळी माणसे बसतात तिथे आणायची नाही, हा त्यांचा नियम. सगळे सांधे कोरडे आहेत याची दोनदा खात्री करून, मागच्या सीटवर अग्निशामक ठेवून आम्ही निघालो. खंबाटकीपर्यंतही जावे लागले नाही, कारण जुन्या कात्रज घाटाच्या चढावरच काटा बोलू लागला. सपाट रस्त्यावर ४.८ बार. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ४.२, मग ३.४, मग २.७, आणि हिसका. वरचा पंप निर्दोष सुटला. दोष टाकीच्या बाजूचा आहे, हे ठरले.

इथे बहुतेक गॅरेजांत टाकीतला पंप बदलून गाडी हातात देतात, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. मिस्त्रींनी थांबवले. त्यांचे म्हणणे असे की पंप ही मोटार आहे, आणि मोटारीला दोष देण्याआधी तिला पोटभर वीज मिळते का हे पाहिले पाहिजे.

यात एक गंमत आहे आणि ती मला फार आवडली. काही गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. तिथे साध्या मल्टिमीटरचे वाचन फसवे ठरते आणि पंप पूर्ण वेगाने चालवण्याची आज्ञा स्कॅनरवरून देऊन मगच मोजावे लागते. माझ्या गाडीत मात्र जुनी, साधी रचना आहे: रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू झाला की पंप सतत पूर्ण वेगाने चालतो आणि इंजिनाला नको असलेले पेट्रोल टाकीच्या आतच रेग्युलेटरमधून परत सोडतो. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असो की घाटात, रेग्युलेटर दाब सांभाळतो आहे तोवर पंप जवळजवळ तितकीच वीज ओढतो. उभ्या गाडीत दाबाचे गेज खोटे बोलते, पण मल्टिमीटर त्याच उभ्या गाडीत खरे बोलतो. घाटाची गरजच नाही.

मागची सीट उचलली की खाली एक झाकण असते आणि त्याखाली पंपाचा कनेक्टर. कनेक्टर न काढता त्याच्या मागच्या बाजूने बारीक सुया तारांना टेकवायच्या असतात, म्हणजे पंप चालू असतानाच मोजता येते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट होते. पंपाच्या दोन पिनांमध्ये १२.१. मधले जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते. एवढ्या वाटेवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती दिसली की मी तरी संशय धरतो.

गळती कोणत्या बाजूला आहे हे शोधायची पद्धत सोपी आहे, तरी ती फार कमी वेळा वापरली जाते. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पंपाच्या धन पिनेला लावली: ०.२ व्होल्ट. म्हणजे फ्यूज, रिले आणि जाणारी तार यांत फारसा दोष नाही. मग एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी पंपाच्या ऋण पिनेला: १.७ व्होल्ट. वीज जात नीट होती. परतीची वाट तुंबली होती. क्लॅम्प मीटरने पंप सात अँपिअर ओढत असल्याचे दिसले, म्हणजे त्या वाटेवर पाव ओहमच्या आसपास अडथळा होता. पाव ओहम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या एका जागी बारा वॉट उष्णता तयार होत होती, आणि सांधा तापला की अडथळा आणखी वाढतो. गाडी पुण्यातून निघून तासभर चालल्यावरच त्रास का व्हायचा, याचे निम्मे उत्तर मला इथे मिळाले.

ती जागा मागच्या उजव्या कोपऱ्यात, गालिच्याखाली निघाली. आदल्या पावसाळ्यात उजव्या मागच्या दाराच्या रबरातून पाणी आत आले होते; मी रबर बदलले, गालिचा उन्हात वाळवला आणि विषय संपला असे मानले. त्याच गालिच्याखाली पत्र्याला बोल्टने आवळलेला ग्राउंडचा, म्हणजे परतीच्या विजेचा सांधा होता. त्याच्या लग्गावर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी बुरशी चढली होती आणि बोल्टच्या भोवतालचा पत्रा तांबूस झाला होता. त्याच बोल्टावर मागच्या उजव्या दिव्याचीही ग्राउंड तार होती. तो दिवा डाव्यापेक्षा मंद जळतो म्हणून मी वर्षभरात दोनदा बल्ब बदलला होता. गाडी मला सांगत होती. मी तिला बल्ब देत होतो.

बॅटरीचे ऋण टोक सोडवून, पत्रा घासून चकचकीत करून, नवा लग्ग दाबून बसवून, वरून ग्रीस लावून तो सांधा पुन्हा आवळला. परत मोजले तर १.७ च्या जागी ०.०८ व्होल्ट. एकूण खर्च इतका कमी झाला की तो लिहिताना संकोच वाटतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती सांगायला फार छान झाली असती, पण ती संपली नाही. पुन्हा गेज बांधून कात्रजचा चढ चढलो तेव्हा काटा २.७ ऐवजी ४.१ वर थांबला. हिसका नाही, दिवा नाही, रेलमध्ये १८० च्या मागणीला १६५ मिळत होते. मेहुण्याचे मत पडले की आता गाडी चालते आहे तर पुढे कशाला उकरायचे. मला ते ४.१ सलत होते. मोटारीला पूर्ण वीज मिळते, रेग्युलेटर पाच बारचा आहे, मग उरलेला पाऊण-एक बार कुठे जातो?

माझा एक शाळकरी मित्र अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याच्याकडून ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेतला चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र, आणि करंट क्लॅम्प आणला. ब्रश असलेल्या मोटारीचा प्रवाह सरळ रेषेत नसतो. कम्युटेटरचा (मोटारीबरोबर फिरणाऱ्या पट्ट्यांच्या कड्याचा) प्रत्येक भाग ब्रशखालून, म्हणजे त्याला वीज देणाऱ्या टेकलेल्या तुकड्याखालून, जाताना एक उंचवटा दिसतो. माझ्या पंपाच्या कम्युटेटरला आठ भाग, म्हणजे एका फेरीला आठ उंचवटे. ते साडेदहा मिलिसेकंदांत पुरे होत होते, यावरून मिनिटाला सुमारे ५७०० फेऱ्या निघाल्या. वेग चांगलाच होता. पण आठांपैकी दोन उंचवटे प्रत्येक फेरीत इतरांहून बुटके होते, आणि तेच दोन. कम्युटेटरच्या त्या भागांवर ब्रश नीट टेकत नव्हता.

प्रवाहाच्या आकड्यावरूनही थोडे कळते. पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टरमध्ये किंवा लाइनमध्ये अडथळा असेल तर मोटारीवर भार वाढून ती जास्त वीज ओढते. अडथळा पंपाच्या मागे, त्याच्या तोंडावरच्या जाळीत असेल, किंवा पंपाचे आतले पाते झिजून पेट्रोल आतल्या आतच परत निसटत असेल, तर भार कमी होऊन प्रवाह उतरतो. ग्राउंड दुरुस्त केल्यावर चढावरचा प्रवाह माझ्या अपेक्षेपेक्षा कमी होता. म्हणजे संशय जाळीवर किंवा पात्यावर होता, आणि दोन्ही गोष्टी टाकीच्या आतच होत्या. टाकी उघडल्याशिवाय आता गत्यंतर नव्हते.

टाकी पाव भरलेली असतानाच उघडली, उघड्या जागेत, बॅटरी सोडवून. पंपाचे मॉड्यूल (पंप, जाळी आणि रेग्युलेटर यांचा संच) बाहेर आले तेव्हा तळाची जाळी मुळात कोणत्या रंगाची होती हे ओळखता येत नव्हते. तपकिरी बारीक गाळ तिच्या विणीत पक्का बसला होता. तो कुठून आला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माझी एक सवय मला माहीत आहे. काटा लाल रेघेवर येईपर्यंत मी पेट्रोल भरत नसे. टाकीतला पंप भोवतालच्या आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल कमी असले की तेच थोडे पेट्रोल पुन्हा पुन्हा फिरून तापते, आणि चढावर ते टाकीच्या मागच्या बाजूला सरकते. पंपाभोवती एक लहान वाटी असते म्हणून तो लगेच कोरडा पडत नाही, पण त्या वाटीलाही मर्यादा आहे.

अनेकांनी मला विचारले की हा सगळा प्रकार इथेनॉलमुळे झाला का. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीत काहीही झाले की हा प्रश्न येतोच. माझे उत्तर मर्यादित आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावे लागते. पूर्ण जोरात पंपावरचा भार त्यामुळे काही टक्क्यांनी वाढतो. जो पंप आधीच काठावर आहे त्याला एवढे टक्केही भारी पडू शकतात. इथेनॉल पाणी धरून ठेवते, हेही खरे. पण माझ्या गाडीत १.७ व्होल्ट इथेनॉलने खाल्ले नव्हते, आणि गालिच्याखालचे पाणी टाकीतले नव्हते.

मूळ कंपनीचे नवे मॉड्यूल जाळी आणि रेग्युलेटरसकट बसवले. बाजारात निम्म्या किमतीत नुसती मोटार मिळते, आणि ती बसवणारे कुशल हातही आहेत. मी ती घेतली नाही, कारण झिजलेल्या वस्तूंपैकी कोणती किती दोषी होती हे मला वेगळे काढता आले नव्हते. कनेक्टरच्या पिना ढिल्या किंवा करपलेल्या नाहीत, हे मात्र नवा पंप जोडण्याआधी भिंगाने पाहून घेतले. पिनेच्या आतला दोष मागून सुई टेकवून दिसत नाही, कारण सुई त्या सांध्याच्या अलीकडे असते. जुन्या करपलेल्या कनेक्टरात नवा पंप खोचला की काही महिन्यांत तोच आजार परत येतो.

जुना पंप पूर्ण कोरडा करून, दोन आठवडे गच्चीवर वाऱ्याला ठेवून, मग हॅकसॉने कापला. कम्युटेटरच्या दोन पट्ट्यांवर काळे डाग होते, स्कोपवर जे दोन उंचवटे बुटके दिसत होते ते हेच असावेत. पात्याच्या कडा आणि त्याचे घर यांवर नखाला जाणवतील असे चरे पडले होते. तरीही मला वाटते की नुसत्या या झिजेने गाडी अडली नसती, आणि नुसत्या गंजलेल्या बोल्टनेही नसती. झिजलेल्या पंपाला पूर्ण १४ व्होल्ट मिळाले तेव्हा तो ४.१ बार देतच होता; आणि नव्या पंपाने बहुधा १२ व्होल्टवरही घाट काढला असता. दोघांची उणीव एकत्र आली, तीही उन्हाळ्यात, तासभर तापल्यावर, चढावर आणि टाकी रिकामी असताना. सर्व्हिस सेंटरच्या आवारात या चारही गोष्टी एकत्र आल्याच नव्हत्या.

नव्या पंपावर पुन्हा खंबाटकी चढलो तेव्हा वायपरखाली गेज होते आणि मेहुणा मोबाइल घेऊन बसला होता. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण: खालचा दाब ४.९, रेल १८२, टर्बोचा दाब मागणीच्या रेघेवर. माथ्यावर पोहोचल्यावर मेहुण्याने विचारले की आता सुरूरला चहाला थांबायचे कारण उरले नाही का. थांबलो. मागचा उजवा दिवाही आता डाव्याइतकाच जळत होता.